एक उकळतं, एक थंड

उजवा पंजा समोरच्या मुलीच्या पोटावर दाबून धरायचा आणि म्हणायचं, "इथनं बोल. गळ्यातनं तर बकरी पण ओरडती." बाईंच्या शिकवणीची ही पहिली पायरी. मुलगी लाजून मागे सरकली की बाई तितक्याच पुढे सरकायच्या. खोली लहान होती, चार पावलांत भिंत यायची. पाठ भिंतीला टेकली की आवाज बरोबर पोटातून निघायचा.

हे हिंगोलीतलं, निजामी अमलाच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांतलं. मुलींच्या मराठी शाळेत बाई वरचे वर्ग शिकवत. मी सतरा वर्षांची, सातवी पास होऊन नुकतीच खालच्या वर्गाला शिकवायला लागले होते. वडील तहसिलीत कारकून, त्यामुळे मला नोकरी मिळाली आणि त्यामुळेच माझ्या तोंडून कधी मोठा आवाज निघाला नव्हता. कारकुनाच्या घरात सगळे हळू बोलतात.

गावात सभा भरवायची तर परवानगी लागायची आणि ती सहसा मिळायची नाही. पण नवरात्रात देवीच्या नावाने वाचनालयात चार गाणी, दोन-चार नाटकातली भाषणं चालून जायची. एका वर्षी मुलींनाही त्यात घ्यायचं ठरलं आणि बाईंनी वर्ग काढला. शाळा सुटल्यावर, सामानाच्या खोलीत, पाच-सहा जणींचा, त्यात मीही. 'नाटक शिकवून राहिली' म्हणून ओरड झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "नाटक कुठलं? उच्चार सुधारून राहिले."

उच्चारांवर त्यांचा खरंच जीव होता. "न्हाई म्हणायचं न्हाई. नाही म्हण."

"बाई, तुमीच न्हाई म्हणून राहिल्या."

"मी रागात हाय म्हणून."

बाई बहुतेक वेळ रागातच असत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा राग दिवसभर मंद आचेवर असतो आणि स्वयंपाक त्याच्यावरच होतो. बाईंच्या रागाला कारण होतं, आणि ते आमच्याच गावात राहत होतं.

बाई मूळच्या जवळा बाजार गावच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं. नवरा परभणीला वकिलीची परीक्षा देत होता. त्याच्याकडे शिकलेले मित्र यायचे. ही बोलली की ते हसायचे. मग ही बोलेनाशी झाली, तर नवरा सगळ्यांना सांगू लागला, "आमची मुकी हाय." सहा वर्षांत मूल झालं नाही. त्याने तिला माहेरी सोडलं आणि दुसरं लग्न केलं. बापाच्या जिवावर बाई पुढे शिकल्या, औरंगाबादला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंग केलं. पुढे वकिलांनी हिंगोलीत बस्तान बसवलं, मोठं घर घेतलं, वाचनालयाचे अध्यक्ष झाले. तेव्हा बाईंनी अर्ज करून करून हिंगोलीला बदली मागून घेतली.

मी एकदा विचारलं, "काहून आल्या बाई इथं? दुसरं गाव न्हवतं का?"

"त्याला सकाळी उठल्यावर मी दिसले पायजे."

आणि त्या दिसायच्या. शाळेचा जवळचा रस्ता सोडून रोज वकिलांच्या फाटकावरून जायच्या. ऊन असो नसो, काळी छत्री उघडलेली. फाटकासमोर आलं की एकदा खाकरायच्या. एवढंच. वकील ओसरीवर चहा पीत असत. त्यांनी चहा आत प्यायला सुरुवात केली तो दिवस बाईंनी शाळेत गूळ-खोबरं वाटून साजरा केला होता. मुलींना वाटलं, इन्स्पेक्टर येणार नाही म्हणून असेल.

आता त्या भाषणांविषयी. बाईंकडे एक जाड वही होती. परभणी, औरंगाबाद, जिथे जिथे नाटक आलं तिथे बायकांच्या बाजूला बसून ऐकलेली स्त्रियांची भाषणं त्यांनी घरी येऊन आठवतील तशी लिहून ठेवली होती. आठवलं नाही तिथे स्वतःचं घातलं होतं. प्रत्येक मुलीला त्या दोन भाषणं देत. "एक उकळतं, एक थंड. एकच येणारी बाई अर्धी असती." कुणाला कोणतं द्यायचं हे ठरवायला त्यांना आठवडा लागायचा. त्या मुलीला पाणी भरायला लावायच्या, खडू मोजायला लावायच्या, उगाच रागवायच्या आणि बघत राहायच्या. खिदळणाऱ्या एका जाड्या मुलीला त्यांनी लेक गमावलेल्या आईचं भाषण दिलं. ती तीन दिवस हसली, चौथ्या दिवशी मधेच थांबली आणि मग तिला घरी पोचवावं लागलं. मला, जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत जात नव्हता, त्यांनी संतापाचं भाषण दिलं. पहिल्यांदा ते पोटातून निघालं तेव्हा शाळेचा चपराशी काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, मारामारी लागली.

माझं भाषण कुठल्या नाटकातलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. ते बाईंनी स्वतः रचलं होतं. राजाने टाकलेली एक राणी भर दरबारात राजाला जाब विचारते, असं ते होतं. "तू मला बोलायला शिकवलं नाहीस, आणि मी बोलत नाही म्हणून टाकलंस" असं एक वाक्य त्यात होतं. तिथे बाई मला पुन्हा पुन्हा थांबवत. "घाई न्हाई. हे वाक्य त्याच्या ताटात वाढ."

"कुणाच्या, बाई?"

"राजाच्या."

नवरात्रात वकील अध्यक्ष म्हणून पहिल्या खुर्चीत बसले होते. शेरवानी, हातात गुलाबाचं फूल. डाव्या बाजूला बायका, त्यात त्यांची दुसरी बायको. मी उभी राहिले. बाई पडद्याआड होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ते वाक्य मी वकिलांकडे बघून म्हटलं, बाईंनी सांगितलं होतं तसं, न घाई करता.

वकिलांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी. मग अध्यक्षीय भाषणात म्हणाले, "मुलगी उत्तम बोलली. फक्त लिहिणाऱ्याने राजा फारच दुष्ट रंगवला आहे. आजच्या सुशिक्षित काळात असे पुरुष राहिले नाहीत." आणि हातातलं फूल मला दिलं.

त्यांची दुसरी बायको मात्र माझं भाषण संपायच्या आतच उठून गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वहीतलं ते पान फाडलं. "चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा तापल्यासारखा दिसत होता. "राणी काहून केली मी? मुकुट घातला म्हणून सुटला तो. पुढच्या बारीला राणी न्हाई, राजा न्हाई. नावासकट."

पुढची बारी त्यांना वाटली त्याहून लवकर आली. दिवाळीनंतर एका दुपारी वकिलांची दुसरी बायको सामानाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. वीस-बावीस वर्षांची, नाकात मोठी नथ, पायात चप्पल नाही. म्हणाली, "उच्चार शिकायला आले."

बाईंनी तिला बसू दिलं नाही. घागर उचलायला लावली, भरून आणायला लावली, ओतायला लावली, पुन्हा भरून आणायला लावली. ती मुकाट्याने करत राहिली. मग बाई म्हणाल्या, "दुसरीच्या चुलीवर बसताना उच्चार लागले न्हाईत?"

ती घागर खाली ठेवून म्हणाली, "मला बाराव्या वर्षी बसवलं, बाई. चूल कुणाची हाय ते कुणी सांगितलं न्हाई."

खोलीत आम्ही तिघीच होतो. बाई बराच वेळ तिच्या ओल्या पायांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बस, धाकटे." तेव्हापासून ती आमच्यासाठी धाकटीच.

धाकटीने सांगितलं ते असं. तिलाही दहा वर्षांत मूल झालं नव्हतं. वकिलांनी तिसरी मुलगी बघितली होती, सेनगावची, एका गरीब भिक्षुकाची. मध्यस्थाने त्या घरी सांगितलं होतं की पहिली बायको वारली आणि दुसरी छातीच्या रोगाने अंथरुणाला खिळली आहे, फार दिवसांची सोबती नाही. हे तिने दाराआडून ऐकलं होतं.

"मी मेले?" बाई म्हणाल्या.

"व्हय. पटकीनं."

बाई हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाल्या, "पटकीनं! जरा बरं मरण द्यायला काय झालं होतं मेल्याला?"

मग त्यांनी खोलीचं दार लावलं आणि वही उघडली. पण वहीतलं काही चालेना. या वेळी भाषणं नवीनच करावी लागली, दोघींना दोन. उकळतं धाकटीने म्हणायचं. आधी तिने सगळं ओतायचं, बाराव्या वर्षापासूनचं. लोक हलले की बाईंनी थंड म्हणायचं. त्यात रडणं नाही, शिव्या नाहीत, नुसत्या गोष्टी एकीमागून एक. "रडणारीला कुणी भीत न्हाई," बाई म्हणाल्या. "थंड बोलणारीला भितात. ते माझ्याकडं ठेव."

तीन आठवडे तालीम चालली. धाकटी बाजारहाटाच्या निमित्ताने यायची. मी कधी वकील व्हायची, कधी मुलीचा बाप. धाकटीच्या तोंडून पहिल्यांदा नुसता हुंदका निघाला. बाईंनी पोटावर पंजा दाबला, भिंतीपर्यंत नेलं. आठ दिवसांत ती असं बोलायला लागली की वकिलाचं काम करताना मला खरंच तोंड लपवावंसं वाटे. बाईंचं भाषण तर ऐकत राहावं असं होतं. आवाज एका पट्टीत, शब्द धुतल्यासारखे, सगळीकडे 'नाही', एकदाही 'न्हाई' नाही. मला वाटायचं, बाई एवढ्याचसाठी सगळं आयुष्य शिकत आल्या आहेत. त्यांनाही तसंच वाटत असणार.

वकील साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळीच सेनगावला पोचले होते. आम्ही पहाटे छकड्यात बसलो. घरी मी शाळेचं काम आहे म्हणून सांगितलं होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, हवेत गारठा. बाईंनी इरकली लुगडं नेसलं होतं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "मेलेल्या सवाष्णीनं चांगलं दिसलं पायजे," म्हणाल्या. वाटेत दोनदा धाकटीला तिचं भाषण म्हणायला लावलं. स्वतःचं मात्र म्हटलं नाही.

भिक्षुकाच्या अंगणात पंधरा-वीस माणसं बसली होती. वकील पाटावर. मुलगी असेल तेरा वर्षांची, आईला टेकून बसली होती आणि झोपेने तिची मान कलत होती. आम्ही तिघी सरळ आत गेलो. धाकटी पदर खोचून मधोमध उभी राहिली आणि तिने सुरुवात केली. "मी अंथरुणाला खिळलेली. बघा मला." मग पाच मिनिटं त्या अंगणात दुसरा आवाज नव्हता. वकील एकदा उठायला गेले, तर मुलीच्या मामाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं. धाकटी थांबली तेव्हा दोन बायका रडत होत्या.

मुलीच्या बापाने हात जोडून बाईंना विचारलं, "आणि आपण कोण, ताई?"

बाईंची पाळी होती. त्या एक पाऊल पुढे झाल्या. वकिलांनी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत ती दोघं इतक्या जवळून पहिल्यांदा एकमेकांसमोर आली होती. बाईंनी तोंड उघडलं.

आवाज निघाला नाही.

मी बाजूलाच होते. त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. त्यांनी आपलाच पंजा आपल्या पोटावर दाबला. ओठ हलत होते, भाषण सगळं आत होतं, मला पाठ होतं ते, मी मनात पहिलं वाक्य म्हणतही होते. पण काही निघालं नाही. वकील हसले, फार नाही, ओठाच्या एका कोपऱ्यातून. "पाहिलंत? कुणी वेडी बाई धरून आणली आहे," ते म्हणाले. "बोलता पण येत नाही तिला."

तेव्हा धाकटीने डोळे पुसले. नाक शिंकरलं. आणि त्याच जागेवरून, अगदी दुसऱ्याच आवाजात, ती बोलू लागली. "ह्या पहिल्या. ह्या वारलेल्या नाहीत. ह्यांच्या पोटी मूल झालं नाही, म्हणून मला आणलं. माझ्या पोटी झालं नाही, म्हणून तुमची लेक पाहिली. बायका दोन झाल्या. पुरुष एकच आहे. दोष कुणात आहे, हे मी सांगत नाही. तुम्ही शहाणे आहात." बाईंचं भाषण. शब्द न शब्द. तीन आठवडे कोपऱ्यात बसून तिने ते ऐकलं होतं.

कुणीतरी मागे हसलं. मग आणखी कुणी. मुलीची आई उठली, मुलीचा दंड धरून तिला आत नेलं आणि आतून कडी लावली. त्या कडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वकिलांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. आणि खोटं कशाला सांगू, त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

परतताना छकड्यात धाकटी एकदा हसायची, एकदा रडायची. कयाधूच्या पात्रात बैल पाणी प्यायला थांबले तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या. "तू माझं बोललीस."

"तुमीच तर शिकवलं, बाई."

"शिकवलं होतं. दिलं न्हवतं."

धाकटी वकिलांच्या घरी परत गेली नाही. बाईंच्या खोलीपाशीच उतरली. बाई तिच्याशी आठ दिवस धड बोलल्या नाहीत, पण पहिल्या दिवशीच तिचं अंथरूण आपल्या अंथरुणाशेजारी घालून दिलं.

महिन्याभरात बाईंची नोकरी गेली. मुलींना बिघडवतात अशी तक्रार झाली होती. चौकशीत माझ्याकडूनही लिहून मागितलं. वडील शेजारी उभे राहिले आणि मी लिहिलं की वर्गात फक्त उच्चार शिकवत, बाकी मला ठाऊक नाही. सेनगावचं एक अक्षर लिहिलं नाही. माझी नोकरी राहिली.

बाई सूड कुणावरही उगवायला मागेपुढे पाहत नसत. माझ्यावरही नाही. वर्षभर त्यांनी मला ओळख दिली नाही. रस्त्यात दिसले की छत्री माझ्या बाजूला कलती करायच्या. मग एका मंगळवारी बाजारात वांगी निवडता निवडता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू लिहिलेला कागद दाखवला मला त्यांनी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या." मी तिथेच रडले. त्यांनी माझ्या पिशवीत दोन वांगी टाकली आणि पुढे गेल्या.

त्यानंतर दोघी शिवणकाम करून राहिल्या. घरच्या घरी पाच-सहा मुलींना शिकवतही होत्या. वकिलांना मुलगी द्यायला पुढे कुणी आलं नाही. रझाकारांची दहशत वाढली, खेडी ओस पडू लागली, तेव्हा पुष्कळ लोक हद्दीवरचा कन्हेरगावचा नाका ओलांडून वऱ्हाडात गेले. या दोघीही वाशिमला गेल्या. आम्ही गेलो नाही, वडिलांची नोकरी सरकारी होती.

हैदराबाद मोकळं झालं आणि लोक परतू लागले. दसऱ्याच्या सुमाराला धाकटी माझ्याकडे आली, एकटी. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "श्रावणात गेल्या. ताप होता उन्हाळ्यापासनं, उतरलाच न्हाई."

मग पाणी पिऊन तिने सांगितलं. उन्हाळ्यात वाशिमला धर्मशाळेच्या ओसरीत त्यांना एक कोपरा मिळाला होता. एका दुपारी वकील तिथे आले. पायी. पाय सुजलेले, काखेत बोचकं, कपडे मळलेले. धाकटीला ओळखून म्हणाले, "पाणी दे थोडं."

"मी उठले. बाईंनी माझं मनगट धरलं. पडून होत्या, तशा उठून बसल्या. आणि बोलल्या."

"काय बोलल्या?"

"सगळं. आपण तालमीत केलं ते न्हाई. दुसरंच. मला पण कधी न सांगितलेलं. म्हणल्या, 'नागपंचमीला माहेरी आणून सोडलंत, दिवाळीला न्यायला येतो म्हणालात. मी पेटी उघडली नाही. निघताना पुन्हा भरावी लागेल म्हणून. दोन दिवाळ्या गेल्या. बापानं कुलूप तोडलं तेव्हा लुगड्यांना कसर लागली होती.' असं एकेक सांगत गेल्या. आवाज चढला न्हाई की पडला न्हाई. ओसरीतली समदी माणसं ऐकून राहिली. ते खाली मान घालून उभे."

"मग?"

"मग म्हणल्या, 'पाणी पलीकडच्या विहिरीवर मिळतं.' ते गेले. कुणीतरी दिलं असंल. माझं मनगट तरी सोडलं न्हाई बाईंनी, ते कोपऱ्याआड जाईस्तोवर."

तहानलेल्या माणसाला पाणी न देणं माझ्याच्याने झालं नसतं. पण माझ्या पेटीचं कुलूप कधी कुणाला तोडावं लागलं नव्हतं.

"मग झोपल्या का त्या?" मी विचारलं.

"झोपतात कशाच्या!" धाकटी म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "चार दिवस पेजेशिवाय काही उतरलं न्हवतं गळ्याखाली. म्हणल्या, धाकटे, भूक लागली. मी भाकरी टाकली. ओसरीच्या कडेला उन्हात बसून दीड भाकरी खाल्ली, हिरव्या मिरचीच्या ठेच्यासंगं. नाका-डोळ्यांतनं पाणी वाहून राहिलं होतं आणि खाऊन राहिल्या होत्या. वर मलाच म्हणतात, कांदा न्हाई का गं एखादा?"